न आलेले अकरा फोटो

मित्रांनो, तुमच्या हातातल्या फोनच्या घराण्यातला मी एक खापरपणजोबा आहे, असं समजा. मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या पोटात छत्तीस फोटोंचा रोल घालावा लागतो. फोटो काढला की लगेच बघता येत नाही. रोल संपवायचा, अंधाऱ्या खोलीत धुवायचा, वाळवायचा आणि मग कळायचं की आपण काय दिवे लावलेत! तुम्हाला हसू येईल, पण तेव्हा फोनला डोळे फुटले नव्हते. सगळी मदार माझ्यावर होती.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. चष्मा लावलेल्या एका बाईने चिमट्याने माझे बारीक बारीक स्क्रू बसवले. ती काम करताना श्वास रोखून धरायची. म्हणूनच की काय, फोटो काढायच्या क्षणी मीसुद्धा श्वास रोखतो. तिथून खोक्यात बसून मी दुकानात आलो आणि दुकानातून एका फोटो स्टुडिओत. स्टुडिओ पहिल्या मजल्यावर होता, सतरा पायऱ्या चढून. खाली एक किल्लीवाले काका बसायचे. दिवसभर त्यांच्या चाकाचा किर्र आवाज वर यायचा.

स्टुडिओ चालवायची टकळीची आई. आणि टकळी म्हणजे तिची चौदा वर्षांची मुलगी. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं. सकाळी डोळे उघडले की तोंड सुरू, ते रात्री उशीवर डोकं टेकेपर्यंत. गिऱ्हाइकांशी बोलायची, काकांशी बोलायची, कुणी नसलं तर माझ्याशी बोलायची.

मी आईच्या हाताखाली सात वर्षं काम केलं. "काय फोटो येतो हो तुमच्याकडे!" असं गिऱ्हाइकं आईला म्हणायची. मी त्यातली निम्मी शाबासकी गुपचूप स्वतःकडे ठेवायचो.

एक दिवस टकळी म्हणाली, "आई, मला फोटो काढायला शिकव ना."

"आधी बीजगणित शीक."

"ते शिकून झालं."

"बावीस मार्क पडल्यावर शिकून झालं म्हणतात का?"

पण टकळी चिवट होती. शेवटी आईने एक तोडगा काढला. पासपोर्टचे फोटो काढता काढता आठवड्याअखेर रोलमधले पाच-सहा फोटो उरायचे. गिऱ्हाईक घाईत असलं की ते तसेच वाया जायचे. आई म्हणाली, "उरलेले सहा तुझे. पण काय काढायचं ते मला विचारायचं नाही. मला वेळ नाही."

मग टकळीने स्वतःच स्वतःला गृहपाठ द्यायला सुरुवात केली! दर सोमवारी ती कॅलेंडरच्या जुन्या पानामागे आठवड्याचं काम लिहायची आणि डार्करूममधल्या दोरीला चिमट्याने टांगायची. फोटो सहाच. रविवारच्या आत. सबबी चालणार नाहीत. हे शेवटचं वाक्य तिने दोनदा अधोरेखित केलं होतं, कारण सबबी सांगण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पहिल्या आठवड्याचं काम होतं: एक अंडं, एक खिडकी. सहापैकी चार फोटो काळेकुट्ट आले. एक हलला. उरलेल्या फोटोकडे आईने बराच वेळ पाहिलं.

"हा बटाटा कशाला काढलास?"

"अंडं आहे ते! कलात्मक आहे."

"बटाटा आहे," आई म्हणाली आणि लाल पेन्सिलीने त्यावर फुली मारली.

टकळीने ते अंडं उकडून खाल्लं. राग काढला असावा.

दुसऱ्या आठवड्यात तिने आमच्याच जिन्याचं वळण दिवसाच्या सहा वेगवेगळ्या वेळी टिपलं. नवव्या पायरीवर जिना वळतो आणि तिथे एक उंच खिडकी आहे. साडेचारच्या सुमाराला समोरच्या इमारतीच्या पांढऱ्या भिंतीवरून ऊन उलटून त्या खिडकीत येतं आणि पंधराएक मिनिटं तिथे इतका मऊ उजेड पडतो की धुळीलाही रूप चढतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सहा फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर तिचं तिलाच दिसलं. त्या दिवशी ती इतकी नाचली की मी गळ्यात लटकून दोनदा दाराच्या चौकटीवर आपटलो. (मित्रांनो, कॅमेरा गळ्यात असताना नाचू नये.)

मग पानावर आलं किल्लीवाल्या काकांचं फिरतं चाक.

"काका, जरा हलू नका ना."

"हललो नाही तर किल्ली कशी होणार, बाई? आणि गिऱ्हाईक घरात शिरणार कसं?"

ज्या आठवड्यात तिने काकांचा चेहरा टिपायचं ठरवलं, त्या आठवड्यात काकांचं लाकूड झालं. मान ताठ, डोळे वटारलेले, ओठ शिवल्यासारखे. "काका, श्वास तरी घ्या!" असं ती म्हणाली की ते आणखी ताठ व्हायचे. पाच फोटो असेच गेले. कंटाळून ती म्हणाली, "झालं काका, उठा." काकांनी हुश्श केलं, खांदे सोडले, गालात हसले, आणि टकळीने सहावा फोटो तेव्हा काढला. त्या फोटोवर आईने फुली मारली नाही. तिने लाल पेन्सिल कानामागे खोचली आणि कामाला लागली. एवढीच काय ती शाबासकी, पण टकळी चार दिवस जमिनीच्या वरून चालत होती.

असे तीन महिने गेले. दोरीवर बारा पानं झाली. आणि मग तो शुक्रवार उजाडला.

आदल्या आठवड्यात दिवा बदलताना आई स्टुलावरून पडली होती. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. त्या शुक्रवारी तिला दवाखान्यात हात दाखवायला जायचं होतं. निघताना तिने टकळीला बजावलं, "कुणी आलं तर उद्या या म्हणून सांग. उद्यापासून मावशी येणार आहे फोटो काढायला. आणि कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"हात लावायचा नाही."

आई गेली. पावणेचारच्या सुमाराला जिन्यात धापा ऐकू आल्या. मग एक खुर्ची दारात आली आणि तिच्यावर बसलेली एक चिमुकली म्हातारी. खुर्ची उचलून आणणारा दांडगा तरुण घामाने निथळत होता. तो खलाशी होता. मागून त्याची आई आली, एक पिशवी आणि एक काठी सांभाळत.

"फोटोवाल्या बाई कुठायत?" खलाशाने विचारलं.

"दवाखान्यात. उद्या या."

"उद्या?" तो खुर्ची टेकवून तिथेच उभा राहिला. "संध्याकाळी माझं जहाज सुटतंय. खाली टॅक्सी थांबलीय. साडेचारला निघायलाच लागेल. दोन वर्षांनी येईन मी, आणि तेव्हा..." त्याने म्हातारीकडे पाहिलं आणि पुढचं गिळून टाकलं.

त्याची आई हळू आवाजात म्हणाली, "ही याची पणजी. हिनेच वाढवलंय याला. मी नोकरीला जायचे ना. दोघांचा मिळून एकही फोटो नाही घरात. आज काढू, उद्या काढू, असं म्हणता म्हणता राहिलंच बघ."

पणजीला कमी ऐकू यायचं. ती भिंतीवरचे फोटो बघत छान हसत होती. तोंडात एकही दात नव्हता.

टकळीची नजर माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मी काढते."

"तू?"

"तीन महिने मी रोज काढतेय."

रोज! मित्रांनो, आठवड्याला सहा फोटो काढणारी मुलगी हे बोलली. मी भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेला होतो, माझं अंग गार पडलं.

तिने मला खाली घेतलं. नवा रोल फोडला. माझी पाठ उघडली. रोल भरायची एक रीत असते. फिल्मचं टोक माझ्या उजव्या बाजूच्या खाचेत नीट अडकवायचं, पाठ लावायची, रोल पुढे सरकवणारा चाप ओढायचा आणि माझ्या डोक्यावरच्या डावीकडच्या गोल खुंटीकडे बघायचं. खुंटी फिरली म्हणजे रोल पुढे सरकतोय. नाही फिरली म्हणजे टोक सुटलंय. आई कितीही घाईत असली तरी खुंटीकडे बघितल्याशिवाय पहिला फोटो काढायची नाही.

टकळीने टोक अडकवलं, पण बोलता बोलता. "पणजी, तुम्ही मध्ये हं, काकू, तुम्ही डावीकडे, दादा, तुम्ही जरा वाका, नाहीतर तुमचं डोकं छपरात जाईल," असं बोलता बोलता तिने पाठ लावली. आणि त्याच क्षणी मला कळलं. टोक खाचेतून निसटलं होतं.

तिने चाप ओढला. माझं चाक रिकामंच फिरलं. खुंटी हलली नाही.

बघ, मी मनात ओरडलो. वर बघ! फक्त एकदा वर बघ!

तिने बघितलं नाही. तिने दिवे लावले, पाय रोवून उभी राहिली आणि बटण दाबलं. खट्! एक.

माझ्यावर एक छोटा आकडा आहे. चाप ओढला की तो पुढे जातो, पोटात फिल्म सरको किंवा न सरको. दोन, तीन, चार. आकडा सरळ सरळ खोटं बोलत होता आणि टकळी त्याच्यावर विश्वास ठेवत होती. खलाशी आधी लाकूड झाला, मग तिने त्याला बोलतं केलं. पणजीचा हात तिने खलाशाच्या हातात दिला. सात, आठ. काम ती मन लावून करत होती हो, हेच तर दुःख! अंडं, चाक, काकांचे खांदे, सगळं तिच्या बोटांत उतरलं होतं, आणि पोटात माझ्या काही म्हणजे काही उमटत नव्हतं. दहा. अकरा.

"झालं!" टकळी म्हणाली. "एकदम झकास येणारेत. सोमवारी न्या."

खालून टॅक्सीचा भोंगा वाजला. खलाशाने खुर्ची उचलली. त्याच्या आईने काठी घेतली. मंडळी दाराबाहेर पडली. टकळीने सवयीने चाप पुन्हा ओढला आणि आता बोलायला समोर कुणी नव्हतं, म्हणून तिची नजर वर गेली.

खुंटी जागची हलली नव्हती.

तिने पुन्हा चाप ओढला. पुन्हा ओढला. खुंटी ढिम्म.

मी तिच्या छातीवर लटकलेला होतो. तिचं काळीज माझ्या पाठीवर धाडधाड आपटत होतं. तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला लख्ख कळत होतं, कारण गेली कित्येक वर्षं ती सगळं मलाच सांगत आली होती. आत्ता गप्प बसलं तर कुणाला काय कळणार? सोमवारी सांगायचं, धुताना रोल खराब झाला. असं होतं कधी कधी. जहाज तोवर लांब गेलेलं असेल. आईलाही कळणार नाही की आपण हात लावला होता.

जिन्यात जड पावलं वाजत होती. एक पायरी. दोन. तीन. खलाशी खुर्ची जपून उतरवत होता. चार. पाच. टकळीने तोंड उघडलं आणि मिटलं. जिच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही, तिला एक शब्द फुटेना. सहा. सात. आठ.

"थांबा!" ती किंचाळली. "थांबा! एकही फोटो आलेला नाही!"

ती धावत जिन्याच्या तोंडाशी आली. सगळे वळणावर थांबले होते, खिडकीपाशी.

"काय?" खलाशाची आई म्हणाली.

"रोल बसलाच नव्हता. मी बघितलं नाही. माझी चूक आहे. अकराच्या अकरा गेले."

खलाशाचा चेहरा लाल झाला. "पोरखेळ वाटला का तुला? ह्या सतरा पायऱ्या मी हिला उचलून आणलंय!"

"मी म्हटलंच होतं, या पोरीच्या हातून नको," त्याची आई फणकारली. तिने तसं काहीच म्हटलं नव्हतं, पण रागात माणसाला असं वाटतं.

"काय म्हणतेय ती?" पणजीने विचारलं.

"फोटो आला नाही म्हणतेय!" खलाशी तिच्या कानाशी ओरडला. "एकही नाही!"

पणजीने टकळीकडे पाहिलं. मग टाळी वाजवली. "बरं झालं बाई! माझे दात पिशवीतच राहिलेत. द्या इकडे."

खाली टॅक्सीवाला भोंगा सोडून आता तोंडानेच ओरडू लागला होता. "अहो, येताय की जाऊ? पुढे रस्ता तुंबलाय!" तो जिना चढू लागला. आणि त्याच वेळी, मित्रांनो, खालच्या दारातून टकळीची आई आत शिरली.

जिन्यातला सगळा आरडाओरडा तिला बाहेरूनच ऐकू आला होता. तिने वर पाहिलं. मुलीच्या गळ्यात मी. मुलीचा चेहरा चुन्यासारखा. वळणावर खुर्ची, खुर्चीत म्हातारी, भांबावलेली माणसं. टकळीचे आणि तिचे डोळे भेटले. मला वाटलं, संपलं सगळं.

आईने प्लास्टरचा हात जिन्याच्या कठड्यावर आडवा टेकवला. टॅक्सीवाल्याची खाली परतायची वाट बंद झाली.

"दोन मिनिटं," ती त्याला म्हणाली. "तिला काढू द्या."

टकळी पायरीवर बसली. माझी पाठ उघडली. टोक खाचेत घातलं, ते सुटलं. पुन्हा घातलं. पाठ लावली. चाप ओढला आणि ती डोळे फाडून खुंटीकडे बघत राहिली. खुंटी फिरली! पुन्हा ओढला. फिरली! मला हायसं वाटलं, पोटात काहीतरी गेल्यासारखं.

साडेचार वाजायला आले होते. खिडकीतून तो मऊ उजेड आत येत होता. तिने दिवा मागितला नाही, कुणाला सरकवलं नाही, आणि एक शब्दही बोलली नाही. पहिल्या फोटोत टॅक्सीवाल्याचं कोपर आलं. दुसऱ्यात खलाशाने डोळे मिटले. तेवढ्यात पणजीने दात बसवले, पणतवाचा रागीट चेहरा बघितला आणि त्याचा गाल धरून जोरात ओढला, लहानपणी ओढत असेल तसा. तो रागात असतानाच हसला. मी श्वास रोखला. खट्!

मग ते गेले. टॅक्सीचं दार आपटलं.

"खुंटी बघितली होतीस?" आईने विचारलं.

"नाही."

"अकरा वेळा नाही?"

"अकरा वेळा नाही. आणि मी रोज काढते असं खोटंही सांगितलं. आणि तू नको म्हणाली होतीस तरी हात लावला."

"आणखी काही राहिलंय?"

"नाही, एवढंच."

"मग चल. माझा एकच हात आहे, रोल तुलाच धुवावा लागेल."

तासभर दोघी डार्करूममध्ये होत्या. आई सांगत होती, टकळी करत होती. मी बाहेर टेबलावर बंद दाराकडे बघत बसलो होतो. तीन फोटो उमटले होते का? उजेड पुरला होता का? शेवटचा हलला होता का? आतून काही म्हणता काही आवाज येईना. मग दार उघडलं. आईच्या डाव्या हातात ओली फिल्म होती. तिने ती खिडकीशी धरली.

तिसरा फोटो सुरीच्या धारेसारखा स्पष्ट होता. ओढलेला गाल, हसणारे दात, आणि मागे हाताच्या पाठीने डोळे पुसणारी खलाशाची आई.

टकळीच्या आईने फिल्म तिच्या हातात दिली, कानामागची पेन्सिल काढली आणि पहिल्या दोन फोटोंवर कुठे काय चुकलं ते सविस्तर सांगितलं. तिसऱ्याबद्दल ती काही बोलली नाही. पण रात्रभर तो फोटो तिच्या उशाशी होता, हे मी पाहिलंय.

सोमवारी खलाशाची आई फोटो न्यायला आली. खूप वेळ बघत राहिली.

"मला तुझा राग अजून गेलेला नाही," ती टकळीला म्हणाली. "तीन प्रती दे."

त्याच सोमवारी टकळीने दोरीला नवं पान टांगलं: या आठवड्यात फोटो नाहीत. डोळे मिटून शंभर वेळा रोल भरणे. आणि तिने खरंच भरला, मित्रांनो! माझी पाठ उघडझाप करून करून दुखायला लागली, पण मी कुरकुर केली नाही.

पुढे टकळी मोठी झाली. तिच्याकडे नवे कॅमेरे आले, रोल न लागणारे, लगेच फोटो दाखवणारे. ती दूरदूर जाऊन फोटो काढते आणि अजूनही दर सोमवारी स्वतःला काहीतरी कठीण काम देते, असं ऐकतो. मी काचेच्या कपाटात आहे. काही वर्षं मला कुणी बाहेर काढलं नाही. माझ्या भिंगावर बुरशीचे बारीक धागे पसरलेत आणि पोटात विसरलेला सेल फुटून गंज चढलाय. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद पडून असेल, तर त्याचा सेल काढून ठेवा, त्याला कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा तरी त्याचं बटण दाबा. आमचं म्हातारपण तेवढ्यावर सुखाचं जातं.

आणि एक सांगतो, ते मात्र कॅमेऱ्याबद्दलचं नाही. त्या दुपारी सगळं माहीत असलेला मी एकटाच होतो, आणि मला तोंड नव्हतं. अकरा वेळा मी नुसता आतल्या आत ओरडलो. तुम्हाला तोंड आहे. तुमच्या हातून चूक होईल, मोठी होईल, गप्प बसलं तर कुणाला कळणारही नाही. तेव्हा कान देऊन ऐका. माणसं बहुतेक अजून जिन्यातच असतात. हाक मारा.